बांधावरचा पांगारा मृदंगावर नाचवा

भोर-वेल्ह्याच्या मावळात गावोगाव भजनी मंडळं आहेत. टाळ-मृदंग आहे, गळेही आहेत. पण समोर बसून ऐकणारी पोरं कमी होत चालली आहेत. या पोरांना पुन्हा मंडळापुढं बसवायचं एक साधन आपल्याच बांधावर उभं आहे. ते म्हणजे पांगारा.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी या कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यातच या कलांचं संग्रहालय थाटलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. रामायणातल्या कथा सांगणाऱ्या या कलेतून पुढं समाजप्रबोधनाचे विषयही मांडले गेले. आपण त्यांची नक्कल करू नये. पण गाण्याला बाहुलीची जोड कशी द्यावी, हे जरूर शिकावं.

आता लाकडाचं बघू. पांगारा वजनाला हलका आणि कोरायला मऊ. सावंतवाडीच्या खेळण्यांना हेच लाकूड वापरत आले. झाड तोडू नका, मनगटापेक्षा थोडी जाड फांदी पुरते. दोन्ही टोकांना शेण लावून ती सावलीत वाळवा, म्हणजे तडे जात नाहीत. या लाकडाला कीड लवकर लागते, तेव्हा कोरून झाल्यावर कडुनिंबाचं तेल चोळा. ते पुरतं मुरल्यावरच रंग द्या.

डोकं आणि धड लाकडाचं करा. खांदा व कोपर मात्र कापडी पट्टीनं जोडा, हात मोकळा हलतो. पाय नसले तरी चालतात. राजस्थानच्या कठपुतळीलाही पाय नसतात, घोळदार झगा सगळं झाकतो. डोक्याला दोन्ही कानांजवळ दोन दोऱ्या, हातांना एकेक आणि वाकून नमस्कार करण्यासाठी पाठीला एक, अशा पाच दोऱ्या नवशिक्याला पुरे. दोरी काळी घ्या, मागं काळं कापड लावा, म्हणजे दोरी दिसत नाही.

खरी मेख पुढंच आहे. बाहुली आधी आणि गाणं मागाहून, असं करू नका. आधी गाणं ठरवा, त्याची लय धरा. बाहुलीचा हात दोरीनं वर जातो, पण खाली येतो तो स्वतःच्या वजनानं. हात लांब असला तर झोका सावकाश बसतो. संथ अभंगाला तो शोभतो, पण जलद गजराला मागं पडतो. तिथं हात आखूड ठेवा आणि थोडाच उचला. हात तरंगत राहिला, तर मनगटात एखादा जुना लोखंडी नट शिवून टाका. भजनी ठेका आठ मात्रांचा. प्रत्येक मात्रेला हलवायचा हट्ट धरू नका. समेवर हात पडला की बघणाऱ्याला ताल पोचला. बाहुलीवाल्यानं मृदंगवाल्याशेजारीच उभं राहावं आणि दोघांनी मिळून सराव करावा.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनाही एक सांगणं आहे. बीजप्रक्रिया, पाणी अडवणं, व्यसनमुक्ती हे विषय बाहुलीकडून जरूर सांगवा, पण गाण्यातूनच. मध्येच गाणं थांबवून भाषण सुरू केलंत, की पोरं उठलीच म्हणून समजा. पिंगुळीच्या कलाकारांना शिकवायला बोलावणार असाल तर मानधन आणि जाण्या-येण्याचा खर्च आधीच ठरवा. त्यांचं पोट या कलेवर आहे.

यंदा पावसाच्या तोंडाला पांगाऱ्याच्या पुरुषभर उंचीच्या काठ्या बांधावर लावा. त्या सहज फुटतात. पांगारा शेंगवर्गी असल्यानं मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. पाला शेळ्या खातात, कुंपणही होतं. ज्या झाडाच्या पानांवर, देठांवर गाठी आलेल्या दिसतील, त्याच्या काठ्या मात्र घेऊ नका. बाहुलीला लागणारी फांदी ही वरकड कमाई समजा. आपल्या मंडळात मृदंग वाजवणारा आहेच, कोरकाम जाणणारा सुतारही जवळपास असेल. येत्या जत्रेआधी दोघांना एकदा शेजारी बसवा.