नातवाच्या शस्त्रक्रियेला आजीची संमती चालते का?

आमच्या अनसिंग परिसरात सोयाबीन घरात आले की अनेक तरुण जोडपी कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातात आणि मुले आजी-आजोबांजवळ राहतात. आपल्या घरीही असे नातवंड असेल, तर पुढील हकीकत आपण अवश्य वाचावी.

काही वर्षांपूर्वी पाचवीतला एक मुलगा पोट धरून माझ्या दवाखान्यात आला. सोबत आजी होत्या. बेंबीजवळची कळ उजवीकडे खाली सरकली होती. ताप होता, उलट्या होत्या. अपेंडिक्सला सूज असावी असे दिसत होते. मी वाशीमला शल्यचिकित्सकाकडे नेण्यास सांगितले. आजी म्हणाल्या, "पोराच्या बापाले येऊ द्या, साहेब. माह्या अंगठ्यानं काही इपरीत झालं तं त्याले मी काय सांगू?" मुलाचे आईवडील पुण्यात बांधकामावर होते आणि फोन बंद होता. त्या वेळी मी आग्रह धरायला हवा होता. त्याऐवजी "लागेल फोन, थोडे थांबू" असे म्हणालो, कारण आजीची संमती पुरेशी ठरेल की नाही याची मलाही खात्री नव्हती. सहा तास गेले. शस्त्रक्रिया होईपर्यंत अपेंडिक्स फुटले होते. मुलगा वाचला, पण तीन-चार दिवसांत घरी जायचा तो पंधरा दिवस रुग्णालयात राहिला.

कायदा मी नंतर वाचला, हे कबूल करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ नुसार बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्‌भावनेने केलेल्या उपचाराला पालकाची, किंवा मूल कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे अशा अन्य व्यक्तीची संमती चालते. जुन्या दंड संहितेतही ही तरतूद होती. आईवडिलांनी विश्वासाने मूल आपल्या स्वाधीन केले असेल, तर ती अन्य व्यक्ती आपणच. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातही मुलाचा सांभाळ करणारी व्यक्ती 'पालक' या व्याख्येत बसते. संमती देऊ शकणारे कोणीच वेळेत उपलब्ध नसेल, तर कलम ३० डॉक्टरला संमतीवाचूनही तातडीचे उपचार करू देते.

"आईची सही नको, बापच हवा" असेही अजून ऐकू येते. विदर्भातील शेतजमिनीच्या जिजाबाई गजरे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच, वडील मुलीकडे लक्ष देत नसताना आईला नैसर्गिक पालक मानले. १९९९ च्या गीता हरिहरन निकालाने ते अधिक स्पष्ट केले.

तरीही घाबरलेल्या रुग्णालयाशी रात्री दोन वाजता कलमांवर वाद घालणे आपल्याला जमणार नाही. म्हणून आईवडील गावाहून निघण्यापूर्वीच साध्या कागदावर दोघांच्या सहीचे पत्र घ्यावे. मुलाचे नाव, जन्मतारीख, सुरू असलेली औषधे, ॲलर्जी आणि 'तातडीच्या वेळी भूल व शस्त्रक्रियेचा निर्णय आजी-आजोबा घेतील' हे वाक्य त्यात असावे. आपल्या फोनबरोबरच मुकादमाचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांकही आईवडिलांनी लिहावा. सोबत शिधापत्रिकेची प्रत व लसीकरणाचे कार्ड ठेवावे. फोनवर संमती मिळाली, तर ती वेळेसह केसपेपरवर नोंदवून घ्यावी.

मूल मोठे असेल, तर आणखी एक गोष्ट आहे. बारा वर्षांखालील मुलाची स्वतःची संमती कायदा सहसा मानत नाही, आणि सज्ञानता येते अठराव्या वर्षी. मधल्या सहा वर्षांत तपासणीला मुलाचा होकार पुरेसा मानण्याचा आणि शस्त्रक्रियेला पालकाची सही घेण्याचा प्रघात आहे. सही आपली असली, तरी पोट त्या मुलाचे आहे. नववीतली एक मुलगी आजोबांसमोर माझ्या कोणत्याच प्रश्नाला उत्तर देईना. ते बाहेर बसले, परिचारिका आत आली, तेव्हा पाळीचा त्रास तिने नीट सांगितला. आजोबा थोडे रागावले होते, हेही सांगितले पाहिजे.

पाचवीतल्या त्या मुलाचे वडील पुढच्या वर्षी पुण्याला जाताना पत्र लिहून गेले. आजी ते शिधापत्रिकेसोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात. मला दाखवायला आणले, तेव्हा ॲलर्जीची जागा तेवढी कोरी होती. त्यांना विचारून ती मी तिथेच भरून दिली.