दया कोणाची, अंग कोणाचे?

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० या दोन सालांची आठवण प्रथम होते. परंतु त्या शतकातील परदेशी प्रवाशांच्या मनात ही पेठ आणखी एका कारणाने ठसली होती. तेथील वाणी-महाजनांनी चालविलेले जनावरांचे रुग्णालय पाहून ते चकित होत. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक १६८९ साली सुरतेस आला. गाई, घोडे, बकऱ्या, कुत्री अशा म्हाताऱ्या व लुळ्यापांगळ्या प्राण्यांची तेथे निगा राखली जाते, असे त्याने प्रवासवर्णनात लिहिले आणि पुढे एक विलक्षण गोष्ट नोंदविली. ढेकूण-पिसवांसाठीही तेथे अशीच सोय होती. त्यांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर खाटेला बांधून निजवीत!

या हकीगतीत अतिशयोक्ती किती, हा वाद इतिहासकारांवर सोपवू. तिचे मर्म मात्र आजही बोचणारे आहे. दया महाजनाची, पुण्य महाजनाचे, आणि चावे मात्र खाटेवरच्या गरिबाला! तीन शतके लोटल्यावर आपल्या पांजरपोळींत, गोशाळांत आणि नगरपालिकांच्या श्वानगृहांत राबणाऱ्या माणसाची स्थिती मूलतः पालटली आहे काय, हा आमचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला आज निकड आली आहे. भटकी कुत्री पकडून, त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली वा हिंस्र कुत्री मात्र सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील कुत्री निवाऱ्यांत हलविण्यास सांगितले. मुलांना अंगणात सोडण्यास भिणाऱ्या आईबापांचे म्हणणे खोटे नाही, आणि मुक्या जिवांचा कैवार घेणाऱ्यांचेही नाही. दोन्ही पक्षांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरून काढले. परंतु ते कुत्रे प्रत्यक्ष धरावयाचे कोणी आणि कशाने, याची विचारपूस फार थोड्यांनी केली. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पालिकेचा कामगार धावतो तेव्हा त्याच्या हाती वाटी नसते, आणि कुत्र्यालाही तो संत वाटत नाही.

भ्यालेले जनावर चावते. तो त्याचा स्वभाव आहे, अपराध नव्हे. आणि चाव्याला भ्यालेला माणूस निर्दय होतो. उघड्या हाताने कामाला जुंपलेला कामगार स्वतःच्या बचावासाठी तारेचा फास आवळतो, लोखंडी चिमट्याने मान दाबतो. जनावराचा गळा चिरतो, दात तुटतात, ते अधिकच बिथरते. म्हणजे साधनाच्या अभावी दोन जीव एकाच वेळी जखमी होतात. प्राणी पोते-फास पद्धतीने, भुलीच्या बंदुकीने अथवा वेदना जाणवणार नाहीत अशा उपायानेच पकडावेत, असे १९७२ चे नियम सांगतात. नियम पन्नास वर्षांचा झाला. साधने कोठे आहेत?

ही साधने काही अप्राप्य नव्हेत. कड्याला लावलेले खोल जाळे; टोकाला मऊ वेष्टनाचा, हव्या त्या क्षणी सैल होणारा फास असलेली लांब काठी; जाड चामड्याचे हातमोजे; एक बाजू आत सरकणारा पिंजरा, ज्यात जनावराला हात न लावता सुई टोचता येते; आणि मधे सरकते दार असलेले दोन कप्प्यांचे कोठे, म्हणजे कुत्रे एकीकडे असता दुसरीकडे झाडलोट होते. मुसके घालावयाचे तर जाळीदार हवे. कुत्रे धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकते; आमच्या किनाऱ्यावरील उन्हाळ्यात तोंड आवळून बांधलेले कुत्रे गुदमरते. खाली बसलेली गाय पायाला दोर बांधून ओढली तर तिचे सांधे व नसा दुखावतात. तिला पोटाखालून रुंद पट्टे घालून उचलावे लागते. सुरतेचा मांजा प्रसिद्ध आहे, आणि उत्तरायणात त्याने कापलेल्या पक्ष्यांचे हालही. अशा घारीच्या डोळ्यांवर कापड टाकले की ती शांत होते; मग भोके पाडलेले साधे खोके पुरते. येथे पैशापेक्षा शिकवण अधिक लागते.

सर्वांत महत्त्वाचे साधन मात्र लोखंडाचे नाही. ते लशीचे आहे. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसली की रोगी सहसा वाचत नाही. म्हणून कुत्री हाताळणाऱ्या प्रत्येकाला चाव्याची वाट न पाहता आगाऊ लस मिळावयास हवी. ती घेतलेल्यालाही चावा बसला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवून पुन्हा लस घ्यावी लागते. कायम नोकर आणि ठेकेदाराचा मजूर असा भेद रोग करीत नाही. आपणही करू नये.

“माणसांना औषध नाही आणि जनावरांसाठी कसला खर्च?” असा आक्षेप येईल. त्यास आमचे उत्तर एवढेच की, हातमोजे माणूस घालतो, लस माणसाला टोचतात. हा खर्च माणसाचाच आहे. दात्यांचाही येथे दोष आहे. चाऱ्यासाठी देणगी मिळते, दारावरील नामफलकासाठी मिळते. पिंजऱ्यासाठी आणि लशीसाठी हात आखडतो, कारण त्यात पुण्य दिसत नाही.

१९९४ च्या प्लेगने सुरतेची देशभर नाचक्की झाली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्याच महापालिकेने शहर स्वच्छ करून दाखविले. मनात आणले तर हे शहर काय करू शकते, हे सर्वांनी पाहिले आहे. मुंबईकरांनीही सुरतेकडे बोट दाखवून सुटू नये. १८३२ साली कंपनी सरकारच्या कुत्री मारण्याच्या हुकुमाविरुद्ध याच शहरात पारशी रस्त्यावर उतरले आणि १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांनी येथे पांजरपोळ उभारली.

तेव्हा सुरतेपासून सावंतवाडीपर्यंतच्या प्रत्येक पालिकेने आणि पांजरपोळीने आपल्या अंदाजपत्रकात साधने, शिक्षण व लस यांसाठी स्वतंत्र रक्कम दाखवावी. आणि ज्याला या तीन गोष्टी मिळाल्या नाहीत, त्याला जनावर धरावयास पाठवू नये, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. देणगीदारांनीही पुढच्या वेळी गाईला घास देताना, तिला उचलणाऱ्याच्या हाताकडे एकदा पाहावे. खाटेला बांधलेल्या त्या अनाम सुरतकराला सोडविण्यास आपण फार उशीर केला आहे.