हाडाची भुकटी आणि खड्ड्याच्या भिंती

चाळिशी ओलांडलेला माणूस सांगली जिल्ह्यातल्या कडेगावहून दातांच्या डॉक्टरकडे निघतो तो बऱ्याचदा एकच तक्रार घेऊन: दात हलतोय. दुखत नाही, नुसता हलतो. उसाचं कांडकं दातानं सोलायची सोय राहिलेली नाही. ब्रशला रक्त लागत होतं तेव्हा चूळ भरून विषय संपवलेला असतो. हिरडीचा आजार बराच काळ दुखत नाही, हीच त्यातली गोम.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि जबड्याचं हाड यांना बारीक तंतू बांधून ठेवतात. दातावरचा चिकट थर घट्ट होऊन कीटण बनतं, त्याच्या आडोशाला जंतू वाढतात आणि त्यांच्याशी झुंजताना शरीर स्वतःचंच हाड विरघळवत जातं. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली खोबण १ ते ३ मिलिमीटर असते. ती ६-७ झाली की ब्रश तळापर्यंत पोचत नाही. त्यात आपल्याकडे मिसरी. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली ही तंबाखू आहे, दंतमंजन नव्हे. पण ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ म्हणणाऱ्या आयाबायांना ते पटवणं सोपं नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर रक्त येण्याची खूणही दबते. मधुमेह ताब्यात नसेल तर सगळंच वेगानं घडतं.

उपचार हाडापासून सुरू होत नाही. आधी मुळांवरचं कीटण खरवडून काढतात. ‘मशीननं साफ केले आणि दात ढिले झाले’ हा आरोप गावोगाव ऐकू येतो. दात आधीच ढिले झालेले असतात. कीटणाच्या गठ्ठ्यानं ते एकमेकांना धरून ठेवलेले असतात, एवढंच. काही आठवड्यांनी खोबण पुन्हा मोजतात. तरीही खोल खोबण उरली, तर हिरडी उघडून हाडाची भुकटी भरण्याचा विचार होतो.

इथे हाडात पडलेल्या खड्ड्याचा आकार निर्णायक. तीन बाजूंनी हाडाच्या भिंती शाबूत असलेल्या अरुंद, खोल खड्ड्यात भुकटी टिकते. हाड सगळीकडून सारखं खचलं असेल, तर तिला धरायला काहीच नसतं. उघड्या उतारावर टाकलेली माती वळवाच्या पावसात जाते, तसं होतं. म्हणून ‘सगळ्याच दातांना हाड भरून द्या’ या मागणीला चांगला डॉक्टर नाही म्हणतो.

भुकटी येते कुठून? कधी रुग्णाच्याच जबड्याच्या मागच्या भागातून. कधी दुसऱ्या माणसाकडून. खुब्याचा सांधा बदलताना निघालेलं मांडीच्या हाडाचं टोक एरवी टाकूनच दिलं असतं. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८पासून असं हाड जमवून ठेवणारी ऊतिपेढी आहे. अशा पेढ्यांत दात्याची तपासणी होते, हाड धुऊन बारीक करतात, आम्लानं त्यातले क्षार काढतात, गोठवून वाळवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. देशातल्या अनेक दंत महाविद्यालयांतल्या अभ्यासांत टाटाच्या पेढीतलं हाड वापरलेलं आहे. क्षार काढलेलं हाड नव्या हाडाला चालना देतं, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५मध्ये दाखवलं होतं. तिसरा प्रकार गाईगुरांच्या हाडाचा, चौथा प्रयोगशाळेत बनवलेल्या कॅल्शियम फॉस्फेटचा किंवा जैवसक्रिय काचेचा. जनावराचं हाड कुणाला चालत नसेल तर तसं आधीच सांगावं. डॉक्टरांनीही न विचारता भरू नये, असं मला वाटतं.

पण खरी शर्यत पेशींची असते. हिरडीची त्वचा झपाट्यानं वाढते आणि खड्ड्यात उतरून मुळाला चिकटते. मग तंतूंना जागाच उरत नाही. मोकळ्या मुळाशी कोणत्या पेशी आधी पोचतात त्यावर सगळं ठरतं, असा विचार मेल्चर यांनी १९७६मध्ये मांडला. १९८२मध्ये स्वीडनमधल्या नीमन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या दातावर पातळ पडद्याची आड घालून तो खरा ठरवला. म्हणून आजही अनेकदा भुकटीवर पडदा घालतात. रुग्णाचंच रक्त यंत्रात फिरवून मिळणारी फायब्रिनची साय वापरण्याची पद्धतही इथल्या दवाखान्यांत आता रुळली आहे.

कडेगावच्या रुग्णाला यासाठी पुण्या-मुंबईला जायलाच हवं असं नाही. कराडजवळ मलकापूरला कृष्णा संस्थेचं दंत महाविद्यालय आहे. सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे. दंत महाविद्यालय म्हटलं की हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आलाच.

शस्त्रक्रियेनंतर सहा महिने त्या खोबणीत मोजपट्टीची सळई घालत नाहीत. मिसरी आणि विडी आधीपासून बंद हवी. तंबाखू चालू ठेवणाऱ्याला हाड भरायला बरेच डॉक्टर तयारच होत नाहीत. नंतर एक्स-रेत खड्डा पांढरा दिसला की रुग्ण खूश होतो. डॉक्टर सावध असतात, कारण ती सावली न विरलेल्या भुकटीचीही असू शकते. ते आधी खोबण किती उथळ झाली आणि दात किती हलतो ते पाहतात, आणि दर तीन महिन्यांनी साफसफाईला बोलावतात.