लोकसंख्येचा आकडा आणि एस.टी.चा थांबा

गावाला बस आहे किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा आहे. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक महसुली गावापुढे लोकसंख्या आणि शाळा, दवाखाना, बससेवा इत्यादी सोयी नोंदविल्या आहेत. सोय गावात नसेल, तर ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा किलोमीटरवर, की त्याहूनही दूर, हे एका अक्षराने दाखविले जाते. भूगोलाचा विद्यार्थी म्हणून मला या तक्त्यांचे आकर्षण आहे. परंतु ते वाचावेत कसे, हे आपल्या जुन्नर तालुक्यातील मढच्या परिसरावरून चांगले समजते.

मढ हे ओतूर आणि माळशेज घाट यांच्या दरम्यान, कल्याण-नगर रस्त्यावरील गाव. शेजारच्या एका गावाचे नाव ‘पारगाव तर्फे मढ’ असे आहे. तरफ म्हणजे जुना महसुली विभाग. तो मढच्या नावाने ओळखला जाई, यावरून या गावाचे पूर्वीचे महत्त्व लक्षात येते. सातवाहन काळापासून वाहता असलेला नाणेघाटही याच तालुक्यातला. घाटवाटांमुळे हा मुलूख जगाशी जोडलेला होता.

मात्र रस्ता गावातून जातो म्हणून तो सर्वांच्या दारी पोहोचतो, असे नाही. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे खिरेश्वर घ्या. महामार्गावरील खुबी फाट्यावर उतरून पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेने सुमारे पाच किलोमीटर आत जावे लागते. पावसाळ्यात, डोक्यावर ओझे किंवा सोबत आजारी माणूस असताना, हे अंतर किती वाढते ते तक्त्यातील अक्षर सांगत नाही. गाडी किती वाजता येते, हेही ते सांगत नाही. आम्हां विद्यार्थ्यांना तर पहिल्या तासाला पोहोचविणारी आणि अंधार पडण्यापूर्वी घरी नेणारी गाडी हवी असते. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. ही योजना मोलाची आहे. पण वेळेवर गाडीच नसेल, तर पास दप्तरातच राहतो.

लोकसंख्येचा आणि रस्त्याचा संबंध याहूनही जवळचा आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बारमाही रस्त्यासाठी सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी राज्ये व अनुसूचित आदिवासी क्षेत्रांत २५० लोकवस्तीची अट ठेवण्यात आली. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील काही गावे या क्षेत्रात मोडतात. समजा, ९०० लोकसंख्येच्या एका गावात ३०० लोकांच्या तीन वाड्या आहेत. ५०० ची अट लावली, तर एकही वाडी बसत नाही. २५० ची लावली, तर तिन्ही बसतात. माणसे तीच, डोंगर तोच. मोजण्याची रीत बदलली की रस्ता मिळतो किंवा हुकतो. शिवाय दीडशे लोकांची वाडी दोन्ही हिशोबांत बाहेरच राहते.

बसचेही तसेच. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली आणि पुढे ती खेड्यापाड्यांत पोहोचली. पण उतारू कमी म्हणून फेरी कमी होते. फेरी कमी झाली की लोक जीप किंवा मोटारसायकलीकडे वळतात, आणि उतारू आणखी कमी होतात. या चक्रात सापडतात ती वाहन नसलेली माणसे : म्हातारी, मुली, बाळंतीण.

२०२१ ची जनगणना त्या वर्षी होऊ शकली नाही. नव्या आकड्यांची वाट पाहण्यापेक्षा आपल्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने वाडीवार नोंदवही तयार करावी, असे मला सुचवावेसे वाटते. वाडीतील माणसे, थांब्यापर्यंतची पायी वाट, पावसाळ्यातील अडचण, पहिली आणि शेवटची गाडी, एवढे चार रकाने पुरेत. ग्रामसभेत आणि आगारात मागणी मांडताना अशी वही हाती असली, तर ‘गावाला बस आहे’ या एका ओळीवर कोणाची बोळवण करता येणार नाही.