माथ्यावरचें पाणी

वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, तेंच आजचें वाशीम. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झालेला हा वऱ्हाडांतील जिल्हा पावसाच्या बाबतींत अगदींच करंटा नव्हे. त्याचें दुर्दैव निराळें; तो पडला माथ्यावर! येथल्या डोंगरांतून निघालेली काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेस व अखेर तापीस मिळते. अडाणेचें पाणी पैनगंगेच्या वाटेनें गोदावरीस जातें. एकाच जिल्ह्यांतल्या पावसाचे कांहीं थेंब अरबी समुद्राला, कांहीं बंगालच्या उपसागराला. गांवच्या विहिरीचा मात्र वैशाखांत तळ दिसतो.

डोंगरउतारावर खालीं काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर. गवत, झुडूप गेलें कीं पाऊस ती मातीही घेऊनच उतरतो. वाळवंटीकरण म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें उंट येतात. पण १९९४ च्या आंतरराष्ट्रीय करारांत कोरड्या प्रदेशांतील जमिनीचा कस जाणें, हाच त्याचा अर्थ आहे. त्यास वाळू लागत नाहीं. इस्रोच्या पाहणीप्रमाणें २०११-१३ या काळांत महाराष्ट्राची सुमारें ४५ टक्के जमीन अशी निकस झालेली होती.

पानी फाउंडेशनच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेंत २०१७ सालीं कारंजा तालुका उतरला, पुढल्या वर्षीं मंगरुळपीरही. भर उन्हाळ्याचे ४५ दिवस श्रमदान! त्यांतली युक्ति मोठी सुरेख आहे. दोन काठ्यांना बांधलेल्या पारदर्शक नळींत पाणी भरावयाचें. दोन्हीं टोकांस तें सारख्या उंचीवर आलें कीं तेथें खूण करावयाची. खुणा जोडीत गेलें म्हणजे डोंगराच्या अंगावर समपातळी रेषा उमटते. तिच्यावर चर खणला कीं धांवतें पाणी थबकतें आणि मुरतें. अभियंत्यांची ही विद्या चार दिवसांच्या शिक्षणांत लेकीसुनांनींही आत्मसात केली. काम नेहमीं माथ्याकडून पायथ्याकडे. उलट केल्यास वरच्या गाळानें खालचे बांध भरून जातात.

परंतु कौतुकाच्या भरांत एक प्रश्न मागें राहतो. चर माथ्यावर, विहिरी पायथ्याशीं. पहांटे कुदळ मारणाऱ्या मजूर बाईला शेत नाहीं, विहीर नाहीं. तिच्या घामानें मुरलेलें पाणी दुसऱ्याच्या विहिरींत पाझरतें. तिचा लाभ एवढाच, कीं हंड्यासाठींची पायपीट कमी व्हावी. आणि तोही, खालच्या कोणा शेतकऱ्यानें खोल विंधनविहीर पाडून सगळेंच उपसलें नाहीं तर! भूजलाचा २००९ चा कायदा आहे. पण कायदा कांहीं रात्रीं शिवारांत पहारा देत नाहीं. किती पाणी मुरलें व कोणतीं पिकें त्यांत बसतात, याचा ताळेबंद गांवसभेंत मांडणें हेंही स्पर्धेचेंच एक अंग होतें. मला तर खणण्यापेक्षां तें कठीण वाटतें. एकत्र कुटुंबांत दुधाचें पातेलें एकच असतें, आणि वाढणारीचा हात कोणाकडे झुकतो हें लहान पोरांनाही कळतें.

ज्या वाचकांचीं वडिलोपार्जित शेतें वऱ्हाडांत खंडानें दिलेलीं आहेत, त्यांनीं पुढल्या खेपेस धान्याचा हिशेब घेतांना आपल्या विहिरीचाही घ्यावा. गेल्या उन्हाळ्यांत तेथें कोणाकोणाचे हंडे भरले, हें कूळ नक्की सांगेल.