‘तारिणी’वरची पाळी

गोव्यात मांडवीच्या पात्रात दिवाडी बेट आहे. तिथे रत्नाकर दांडेकर यांची अक्वेरियस शिपयार्ड ही गोदी आहे. भारतीय नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या दोन्ही शिडाच्या नौका याच गोदीत तयार झाल्या. ‘तारिणी’ २०१७ च्या फेब्रुवारीत नौदलात दाखल झाली. लांबी जेमतेम १७ मीटर, म्हणजे दोन एसटी गाड्या मागेपुढे उभ्या केल्या तर त्याही तिच्यापेक्षा लांब भरतील. आजवर दोनदा ती पृथ्वीला वळसा घालून आली आहे.

या सगळ्यामागे एका मराठी माणसाचा ध्यास होता. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला, समुद्रापासून दूर, स्थायिक झाले. भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांनी तिथे बसून नौदलाच्या गळी उतरवली. दिलीप दोंदे पुढे आले, १९ ऑगस्ट २००९ ला ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परतले. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी कुठल्याही बंदराला न लागता तीच प्रदक्षिणा पूर्ण केली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी ‘तारिणी’वरून २५४ दिवसांत जग फिरून आल्या, त्यांतले १९९ दिवस भर समुद्रात गेले. २ ऑक्टोबर २०२४ ला लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा या दोघीच त्याच नौकेतून निघाल्या. २५ हजारांहून अधिक सागरी मैल कापून २९ मे २०२५ ला त्या गोव्यात परतल्या.

प्रदक्षिणेचे नियम कडक असतात. सुएझ किंवा पनामा कालव्याची जवळची वाट घ्यायची नाही, विषुववृत्त किमान दोनदा ओलांडायचं, सगळी रेखावृत्तं पार करायची, आणि निघालो त्याच बंदरात परतायचं. त्यामुळे लीउविन, हॉर्न आणि केप ऑफ गुड होप या तिन्ही भूशिरांच्या दक्षिणेकडून जावं लागतं. तिथे पश्चिमेचा वारा अडवायला जमीन जवळपास नाहीच.

अशा सफरीवरून आलेल्यांना आपण वादळाबद्दल विचारतो. मला विचाराल तर पहिला प्रश्न झोपेचा हवा. सहा जणी असल्या की चार-चार तासांच्या पाळ्या लावता येतात. दोघी पहाऱ्यावर, बाकीच्या स्वयंपाकाला, दुरुस्तीला, झोपेला. दोघीच असल्या की एक जागी आणि एक झोपलेली, हाच आठ महिन्यांचा हिशोब. एकाच नौकेत राहून दोघींना बोलायला मिळतं ते पाळी बदलताना. वारा कुठून आहे, किती आहे, कुठलं शीड किती उघडलंय, बॅटरीत वीज किती आहे, आसपास जहाज दिसलं का, एवढं सांगून झालं की सांगणारी अंथरुणाकडे वळते. अंथरूण म्हणजे अरुंद बाक आणि त्याच्या कडेला ताणून बांधलेलं कापड. नौका कलली तरी माणूस खाली पडू नये, म्हणून ते कापड. झोपेतही कान जागे असतात. शिडाचा फडफडाट बदलला, दोर घासल्याचा नवा आवाज आला, की डोळा आपोआप उघडतो.

ही झोप मिळते ती ऑटोपायलटच्या कृपेने. सुकाणू तो धरतो. पण त्याला वीज लागते, आणि वीज सौर पॅनेल किंवा इंजिनातून बॅटरीत भरावी लागते. तो बंद पडला की सुकाणूच्या चाकावर सतत माणूस हवं. दोघींपैकी प्रत्येकीच्या वाट्याला मग बारा-बारा तास सुकाणू येतं. उंच लाट मागून येते, नौकेला उचलते, तिरकी करू पाहते. चाक धरणारीने लाट येण्याआधीच ते वळवायला लागतं. २०१८ मध्ये केप टाउनहून परत येताना ‘तारिणी’च्या सुकाणूच्या यंत्रणेतच बिघाड झाला आणि दुरुस्तीसाठी मॉरिशसला, पोर्ट लुईला, लागावं लागलं. घराच्या इतक्या जवळ येऊन!

झोपलेलीला उठवावंच लागतं ते शीड आखडायच्या वेळी. वारा वाढला की मोठं शीड पूर्ण उघडं ठेवून चालत नाही. नौका इतकी कलते की सुकाणू ऐकेनासं होतं. अंधारात डोक्याला दिवा लावायचा, अंगावरच्या पट्ट्याची कडी डेकवरच्या दोरीला अडकवायची आणि मगच बाहेर पाऊल टाकायचं. एक जण नौकेचं तोंड जरा वाऱ्याकडे वळवते. दुसरी डोलकाठीच्या बुंध्याशी पोचते, शीड वर चढवणारा दोर बेताने सैल करते, शिडाच्या कडेची कडी ओढून हुकात बसवते. मग विंचवर दुसरा दोर ताणून शिडाचं मागचं टोक आडव्या काठीवर आवळायचं, खाली लोंबणारं कापड बांधायचं. हे सगळं नौका खाली-वर होत असताना आणि अंगावर थंडगार पाणी कोसळत असताना. तासाभरात वारा पडला तर तेच उलट क्रमाने. आळस केला तर वाट उणी होते, आणि वेळेवर आखडलं नाही तर कापड फाटतं. मला या कामात त्या दोघींची खरी कसोटी दिसते.

दिवसा उजेडात डेकवरून एक फेरी असतेच. दोर जिथे घासतो तिथे रोज थोडा झिजतो; हजारो मैलांत ती झीजच घात करते. डेकवर एखादी बारीकशी पिन पडलेली दिसली तर ती कुठून निखळली हे सापडेपर्यंत चैन पडत नाही, कारण तशाच एखाद्या पिनवर डोलकाठीचा आधार तोललेला असतो. गरज पडली तर २५ मीटर उंचीच्या त्या काठीवर पट्ट्यात बसून चढायचं. खाली जे डोलणं हातभर वाटतं, तेच वर टोकाला काही मीटरांचा झोका होतं.

स्वयंपाकाची शेगडी कड्यांवर झुलती बसवलेली असते, म्हणजे नौका कलली तरी भांडं सपाट राहतं. तरीही रांधणारी जाड पावसाळी विजार घालून उभी राहते. तिथे लाटेइतकीच धास्ती उकळत्या पाण्याने भाजण्याची असते. पहिले काही दिवस भाज्या-फळं, नंतर कांदे-बटाटे, पुढे डाळ-तांदूळ, डबाबंद आणि सुकवलेलं अन्न. कुकरची खिचडी एका वाडग्यात घेऊन चमच्याने खाणं सगळ्यात सोयीचं. आंघोळ समुद्राच्या पाण्याने, शेवटी गोड्या पाण्याचा हात फिरवायचा. मीठ ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे खारं पाणी लागलेले कपडे नीट वाळतच नाहीत. दक्षिणेच्या थंडीत ओलसर कपडे चढवूनच पाळीला उभं राहावं लागतं.

घड्याळही सोबत सरकतं. पूर्वेकडे दर पंधरा रेखांशांना एक तास पुढे, आणि प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की एकच तारीख दोनदा जगायची. २०१७ ची दिवाळी सहा जणींनी आणि २०२४ ची दिवाळी या दोघींनी ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर, समुद्रातच काढली. न्यूझीलंडमधल्या लिटलटनपासून फॉकलंडपर्यंतचा टप्पा साधारण सहा आठवड्यांचा. त्या वाटेवर २०२५ च्या जानेवारीअखेर दिलना आणि रूपा पॉइंट नेमोवरून गेल्या. तिथून सर्वांत जवळची जमीन २,६८८ किलोमीटरवर. अंतराळस्थानकातली माणसं डोक्यावरून जाताना त्याहून कितीतरी जवळ असतात. रोजची कामं सांभाळून त्यांनी तिथलं पाणी भरून घेतलं, दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सूक्ष्म प्लास्टिकचा तपास व्हावा म्हणून.

महाराष्ट्राला एवढा लांबलचक किनारा आहे. तरी आपल्याकडे शिडाच्या नौकेवर बसलेलं मूल शोधून सापडायचं नाही, याची मला खंत वाटते. दिलीप दोंदे यांनी आपल्या सफरीवर ‘द फर्स्ट इंडियन’ हे पुस्तक लिहिलं आहे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या प्रत्येक शाळेच्या कपाटात ते असायला हवं. तुमच्या ओळखीत अशी एखादी शाळा असेल, तर एक प्रत तुम्हीच नेऊन द्या.