घरातली गोष्ट आणि जुनी नोंद : पूर्वजांचा शोध कसा घ्यावा?

हरवलेल्या पूर्वजांच्या शोधात दोन साधने हाती असतात : घरात सांगितली जाणारी गोष्ट आणि कागदावरची नोंद. या दोन्ही जुळल्या नाहीत तर काय करावे, ते एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण

चंदीगडहून रस्त्याने दिल्लीकडे जाताना कुरुक्षेत्र, करनाल आणि पानिपत ही शहरे लागतात. या पट्ट्यात रोड समाजाची गावे आहेत. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर जे मराठे इथेच राहिले, त्यांचे आपण वंशज आहोत, असे या समाजातील अनेक जण सांगतात.

आता नोंद पाहा. डेन्झिल इबेट्सन या अधिकाऱ्याने याच भागात जमिनीच्या बंदोबस्ताचे काम केले आणि १८८१ च्या पंजाब जनगणनेचा अहवाल लिहिला. झज्जरजवळचे बादली हे आपले मूळ ठिकाण किंवा वाटेतला मुक्काम असल्याचे रोड लोक सांगतात, असे त्यात नोंदले आहे.

मग गोष्ट खोटी ठरली का? नाही. इबेट्सननेही ऐकलेलेच लिहिले, आणि तेही लढाईनंतर १२० वर्षांनी. शिवाय संपूर्ण समाजाचे मूळ आणि एका घराचे मूळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याला सोडवता येतो तो दुसरा.

थोडे गणित

एका पिढीला ३० वर्षे धरली, तर १७६१ पर्यंत सुमारे नऊ पिढ्या होतात. नवव्या पिढीत पूर्वजांच्या २^९ = ५१२ जागा येतात. घरातली गोष्ट बहुधा त्यांपैकी एकाच जागेबद्दल असते.

शोधाची रीत

१. स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जा. प्रसिद्ध पूर्वजापासून पुढे येऊ नका.

२. गोष्ट कोणी, कधी सांगितली ते लिहा. नावाबरोबर गाव आणि गोत्रही नोंदवा.

३. पंजाब-हरियाणात बंदोबस्ताच्या कागदांत ‘शजरा नसब’, म्हणजे जमीनमालकांची वंशावळ असते. भूमिहीन घरे त्यात सापडत नाहीत. स्त्रियांची नावेही क्वचितच असतात.

४. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पाहा. तिथे यात्रेकरू स्वतःच कुळाची माहिती सांगत. महाराष्ट्रातले जुने लेखन अनेकदा मोडी लिपीत असते.

५. दुवा तुटेल तिथे जागा रिकामी ठेवा. अंदाजाने भरलेले एक नाव त्यामागची सगळी साखळी चुकवते.

निष्कर्ष

गोष्ट शोधाची दिशा देते, नोंद एकेक दुवा पक्का करते. दुवा मिळाला नाही, तर गोष्ट सिद्ध झाली नाही एवढेच म्हणावे. तिला खोटी म्हणू नये आणि इतिहासही म्हणू नये.

स्वाध्याय

तुमच्या आठही पणजोबा-पणज्यांची नावे लिहा. पणज्यांची माहेरची नावे आणि गावेही लिहा. बहुतेकांच्या वहीत इथेच जागा रिकामी राहते. ती भरू शकणारे माणूस घरात असेल, तर आजच विचारा. कागद दप्तरात थांबतो, माणूस थांबत नाही.